प्रार्थनेनंतर सही आपलीच

"सिस्टर, गुरुवारी सांजच्याला घरी प्रार्थना ठेवलीय. तुम्ही याच. एक निर्णय घ्यायचा हाय." लातूरमधल्या आणि आसपासच्या ख्रिस्ती घरांतून असा निरोप मला वर्षानुवर्षं येत आला आहे. निर्णय कसला, हे फोनवर सहसा कुणी सांगत नाही. मुलीला आलेलं स्थळ असतं, भावकीतली वाटणी असते, कर्ज काढून घेतलेला प्लॉट विकायचा असतो, वडिलांचं ऑपरेशन करावं की नाही हे ठरत नसतं. घरातली माणसं आपापसांत बोलून दमलेली असतात. आता देवानेच काय ते सांगावं, असं त्यांना मनापासून वाटत असतं.

मी नोकरीने परिचारिका. सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून लागले, परिसेविका होऊन निवृत्त झाले. मी पाळक नाही, धर्मशास्त्राच्या कॉलेजात गेलेली नाही. आमच्या पाळकसाहेबांकडे एकाच वेळी तीन-चार गावांच्या मंडळ्या असत, प्रत्येक घरी वेळेवर पोचणं त्यांना जमत नसे. महिला मंडळातल्या आम्ही काही जणी मग घरगुती सायंप्रार्थना चालवू लागलो. दवाखान्यातली म्हणून माझ्या वाट्याला निर्णय अडलेली घरं जास्त आली. दिवसभर वॉर्ड आणि दिवेलागणीला कुणाचं तरी घर, अशी बरीच वर्षं गेली.

या कामात माझं एक मत पक्कं झालं. प्रार्थना झाली म्हणजे निर्णय देवाने दिला, असं म्हणून आपल्याला सुटता येत नाही. निर्णय आपण घेतो, त्याखाली सही आपली असते आणि पुढे जे होईल ते आपल्यालाच निभवावं लागतं. मग प्रार्थना कशाला, असं कुणी विचारील. माझा प्रार्थनेवर पहिल्याइतकाच, किंबहुना जास्तच विश्वास आहे. तो कशावर आहे, तेवढं सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

नोकरीला लागून फार काळ झाला नव्हता आणि किल्लारीचा भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपतींचं विसर्जन झालेलं, गावं दमून गाढ झोपलेली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली घरं म्हणजे दगड-मातीत रचलेल्या रुंद भिंती आणि वर लाकडावर मातीचा जाड थर दिलेलं माळवद. गळू नये म्हणून त्या माळवदावर पिढ्यान्‌पिढ्या माती चढत गेलेली. सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. सरकारी आकडाच जवळपास ८ हजार मृतांचा आहे. पुढचे दिवस पाऊस लागून राहिला. आमच्या वॉर्डात खाटा संपल्या, मग खाली गाद्या, मग नुसत्या सतरंज्या.

तिथे एक ज्येष्ठ सिस्टर होत्या, मिरजेच्या वॉनलेस हॉस्पिटलात शिकलेल्या. ड्यूटी संपली तरी त्या घरी जात नसत. संध्याकाळी कोपऱ्यातल्या टेबलापाशी उभ्या राहून हळू आवाजात प्रार्थना करत. ज्याला यायचं तो येई. एका संध्याकाळी कुणीतरी म्हणालं की ही सगळी देवाचीच इच्छा. सिस्टर शांतपणे पण ठाम बोलल्या, "माणसं भिंतींखाली मेली. देवाच्या इच्छेने मेली, असं या वॉर्डात कुणी बोलायचं नाही." ते वाक्य माझ्या मनावर कोरलं गेलं.

त्याच वॉर्डात एक आजोबा होते. हाताला प्लास्टर, घरातली सगळी गेलेली, उरला एक नातू. आठ-नऊ वर्षांचा असेल. त्या काळात भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त गावांतली सुमारे बाराशे मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. या मुलाचंही नाव लिहावं की नाही, यावर आजोबांचं मन ठरेना. ते ख्रिस्ती नव्हते. विठ्ठलाची माळ गळ्यात होती. पण संध्याकाळी ते टेबलापाशी आले आणि सिस्टरांना म्हणाले, "माय, तुमच्या देवाला इचारा की. पोरगं धाडावं का न्हाई?"

सिस्टर म्हणाल्या, "विचारू आजोबा. पण पोराला विचारलंत का?"

आजोबांनी नुसतं बघितलं. पोराला विचारायचं त्यांना सुचलंच नव्हतं. मुलगा सतरंजीवर बसून बिस्किटाच्या पुड्याचा कागद घड्या घालून उलगडत होता. सिस्टर त्याच्याशेजारी खाली बसल्या. त्यांनी त्याला पुणं कुठे आहे, शाळा कशी असेल, आजोबा कधी भेटतील, जेवढं माहीत होतं तेवढंच सांगितलं. माहीत नव्हतं ते माहीत नाही म्हणाल्या. तो कागदाकडेच बघत म्हणाला, "शाळा आसंल तर जातो. पर आज्याच्या हाताचं प्लास्टर निघूस्तर न्हाई."

मग त्यांनी प्रार्थना केली. चार-पाच वाक्यांची. देवा, या पोराला आणि या आजोबांना धीर दे, एवढंच. धाड किंवा धाडू नको, असं त्यात काहीच नव्हतं. प्लास्टर निघाल्यावर आजोबांनी नातवाला धाडलं.

पुढे माझ्याकडे घरं येऊ लागली तेव्हा मी त्या सिस्टरांची ही रीत उचलली. ज्याच्या आयुष्याचा निर्णय आहे, त्याला आधी विचारायचं, आणि घरात जो सर्वांत लहान असेल त्याला पहिल्यांदा बोलू द्यायचं. बऱ्याच वर्षांनी एका कॅथलिक ननने मला सांगितलं की संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात आपल्या मठासाठी जे नियम लिहिले, त्यांत हेच आहे: महत्त्वाचं काम निघालं की मठाधिपतीने सगळ्यांना बोलवावं, कारण प्रभू पुष्कळदा धाकट्याला सुचवतो. ऐकून फार आनंद झाला. लातूरच्या वॉर्डात जे बघितलं ते दीड हजार वर्षांपूर्वी इटलीत कुणालातरी कळलं होतं.

आमच्याकडे प्रार्थनेची वेळ दिवेलागणीचीच का, हेही सांगते. दुकान, शेत, ऑफिस सुटून माणसं घरी आलेली असतात, हे तर खरंच. शेजारच्या घरात शुभंकरोती चालू असते, पलीकडे हरिपाठ, मशिदीतून अजान येते. आमच्या घरातून उपासना-संगीतातलं गीत जातं. लहानपणापासून या वेळेला सगळी गल्लीच देवापुढे बसते, असं मी बघत आले. पण पवित्र शास्त्रातही संध्याकाळ म्हणजे दिवसाचा शेवट नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात आधी संध्याकाळ येते, मग सकाळ. यहुदी लोकांचा दिवस आजही सूर्यास्तापासून मोजला जातो. दिवेलागणीला देवापुढे ठेवलेली गोष्ट रात्रभर आपल्यात राहते आणि सकाळी आपण वेगळ्या डोळ्यांनी तिच्याकडे बघतो. रात्रीचीही ड्यूटी केलेल्या बाईला हे नीट कळतं. रात्री दोन वाजता जे अशक्य वाटतं ते सकाळच्या राउंडला तसं राहत नाही.

आमच्या घरांमध्ये एक जुनी सवय आहे, तिच्याविषयी स्पष्ट बोललं पाहिजे. कपाटावर वचनांची डबी असते, तिच्यात बायबलमधली वचनं छापलेल्या लहान लहान चिठ्ठ्या. सणासुदीला, वाढदिवसाला एकेक चिठ्ठी काढायची, वाचायची. त्यात गोडवा आहे. पण निर्णय अडला की काही जण डोळे मिटून डबीत हात घालतात आणि जी चिठ्ठी येईल तिलाच उत्तर समजतात. कुणी बायबल मधोमध उघडून बोट ठेवतात. एका घरी मुलीच्या स्थळाबद्दल असंच बोट ठेवलं गेलं आणि ते एका वंशावळीवर पडलं. बापाने त्यातूनही होकार शोधला, कारण होकार त्याच्या मनात आधीपासून होता. मुलगी भिंतीला टेकून उभी होती. तिच्याकडे कुणी बघितलंही नाही.

चिठ्ठ्या टाकण्याचा दाखला शास्त्रात आहे, हे मला ठाऊक आहे. यहूदाच्या जागी बारावा प्रेषित निवडताना चिठ्ठ्या टाकल्या आणि मत्थियाचं नाव निघालं. पण प्रेषितांच्या कृत्यांचा तो पहिला अध्याय नीट वाचा. आधी पात्रता ठरवली, मग त्या पात्रतेत बसणारी दोन नावं काढली, मग प्रार्थना केली आणि मगच चिठ्ठ्या. पुढच्या अध्यायात पवित्र आत्मा उतरला आणि त्यानंतर त्या पुस्तकात निर्णयासाठी पुन्हा कुणी चिठ्ठी टाकलेली नाही. पंधराव्या अध्यायात यरुशलेमेत केवढा मोठा प्रश्न होता, परराष्ट्रीयांना नियमशास्त्राचं ओझं द्यायचं की नाही. तिथे वाद झाला, पेत्र उभा राहून बोलला, पौल आणि बर्णबा यांनी स्वतः पाहिलेलं सांगितलं, याकोबाने मत मांडलं. मग जे पत्र लिहिलं त्यात हा निर्णय पवित्र आत्म्याला आणि आम्हाला योग्य वाटला, असं नोंदवलं. "आम्हाला" हे त्यांनी गाळलं नाही. त्या बापाला मी हा अध्याय पूर्ण वाचून दाखवला. मग मुलीला विचारलं. मुलगा चांगला आहे, पण तो गल्फला जाणार आणि आपण दोन वर्षं सासरी एकट्या राहणार, याची तिला भीती वाटत होती. ही गोष्ट मुलाकडच्यांशी बोलून सुटण्यासारखी होती, आणि तशीच सुटली. तीन रविवार चर्चमध्ये त्या लग्नाची जाहिरात वाचली गेली, तेव्हा ती पहिल्या बाकावर बसली होती.

आता एक प्रसंग असा, जिथे सकाळपर्यंत थांबायला वेळच नव्हता. निलंग्याकडचे एक शेतकरी, शुगर खूप वाढलेली, पायाच्या जखमेचं गँगरीन झालेलं. डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्याखालून पाय काढावा लागेल, आणि आजच. विष रक्तात पसरलं तर जीव जाईल. दोन मुलं बाहेरच्या बाकावर. थोरला सही करायला तयार, धाकटा नाही. त्यांच्या ओळखीच्या एका फिरत्या प्रचारकाने फोनवरून कळवलं होतं की मला देवाने दाखवलंय, पाय बरा होईल, कापू देऊ नका, नाहीतर तुमचा विश्वास कमी ठरेल. धाकटा ते धरून बसला होता. त्याच्या डोळ्यांत हट्ट नव्हता. बापाचा पाय आपल्या सहीने जाईल, हे त्याला सोसत नव्हतं.

मी ड्यूटीवर होते. संध्याकाळचे सात वाजत आले होते. त्यांनी मला प्रार्थनेसाठी विचारलं. मी संमतीपत्र हातात घेतलं आणि म्हटलं, आधी यात काय लिहिलंय ते वाचू. ओळ न् ओळ मोठ्याने वाचली: कसलं ऑपरेशन, भूल कसली, धोके कोणते. धाकट्याने पहिल्यांदाच ते सगळं ऐकलं. तोवर तो फक्त "पाय कापणार" एवढंच ऐकत आला होता. मग आम्ही खाटेपाशी गेलो. मी आजोबांना विचारलं, "बाबा, तुम्हाला काय वाटतं?" तापात होते, पण शुद्धीवर होते. म्हणाले, "घाण वास यायलाय मला माझाच. काढा." मी दोन मिनिटं प्रार्थना केली. डॉक्टरांच्या हातांसाठी, भुलीसाठी, रात्रीसाठी. देवा, पाय वाचव, असं मी मागितलं नाही; ज्या गोष्टीचं उत्तर आमच्यासमोर काळंनिळं पडलेलं दिसत होतं, ती पुन्हा विचारण्यात मला अर्थ वाटला नाही. आजोबांनी स्वतः अंगठा दिला, खाली साक्षीदार म्हणून धाकट्याने सही केली.

त्या प्रचारकाचं नाव मला माहीत होतं. त्याचं मन खोटं होतं असंही मी म्हणणार नाही. पण जिथे त्याला सही करायची नव्हती, जिथे परिणाम त्याला भोगायचा नव्हता, तिथे तो देवाच्या नावाने बोलला. दुसऱ्याच्या घरात "देवाने मला सांगितलं" असं म्हणण्याला मी तेव्हापासून भिते. मोठ्या मोठ्या सभांमधूनही ते ऐकू येतं. ते ऐकणाऱ्याचं तोंड बंद होतं, कारण देवाशी वाद कोण घालणार?

त्या ननविषयी वर लिहिलं, तिच्याकडून आणखी एक गोष्ट घेतली. सोळाव्या शतकातले स्पेनचे संत इग्नाशियस यांचा नियम असा की मन उदास, कोरडं, अंधारलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये. बरं वाटत होतं तेव्हा जे ठरवलं ते धरून ठेवावं. दुसरी त्यांची युक्ती म्हणजे, आपला प्रश्न घेऊन एखादा अनोळखी माणूस आपल्याकडे आला तर त्याला आपण काय सांगू, याचा विचार करायचा. हे मी घरांमध्ये सर्रास वापरते. बायका तर पटकन बोलतात. स्वतःसाठी जे म्हणायची हिंमत होत नाही ते "दुसऱ्या कुणा बाईला" त्या अगदी नेमकं सांगतात.

लातूरमध्ये राहून शिकवणीच्या मुलांबद्दल लिहिलं नाही तर लेख अपुरा राहील. लातूर पॅटर्नचं नाव राज्यभर झालं, वैद्यकीय प्रवेशासाठी नीट सक्तीची झाली आणि मराठवाड्यातल्या गावागावांतून मुलं इथे येऊन राहू लागली. पुष्कळदा सोबत आई असते, बाप गावाकडे. नांदेड जिल्ह्यातलं असंच एक कुटुंब आमच्या मंडळीत येऊ लागलं. मुलीचा नीटचा दुसरा प्रयत्न झाला होता, गुण वाढले पण सरकारी कॉलेजला पुरले नाहीत. तिसऱ्यांदा बसवायचं की नाही? वडील गावाहून आले आणि प्रार्थना ठेवली.

एकच खोली. एका भिंतीला खाट, दुसऱ्या भिंतीवर वरपासून खालपर्यंत चिकटवलेले कागद: सूत्रं, पेशींच्या आकृत्या, तारखा. गॅसपाशी आई. आम्ही सतरंजीवर बसलो. गीत झालं, एक स्तोत्र वाचलं. मग एकेकाने प्रार्थना करायची होती. वडिलांनी केली, फार कळवळून: प्रभू, माझ्या लेकराला डॉक्टर कर, तुझ्या सेवेसाठी कर. आईने केली. मुलीची पाळी आली. ती बराच वेळ गप्प राहिली आणि नुसतं "आमेन" म्हणाली.

मी समारोपाची प्रार्थना केली नाही. म्हटलं, आज एवढंच, उद्या याच वेळेला पुन्हा बसू. वडिलांना आवडलं नाही. त्यांना रात्रीची एसटी गाठायची होती. पण ते थांबले. दुसऱ्या दिवशी मी मुलीला आधी बोलू दिलं, आणि प्रार्थनेत नाही, साध्या बोलण्यात. कारण देवापुढे डोळे मिटून बापाच्या विरुद्ध बोलणं एका अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला फार जड जातं. ती म्हणाली, "बाबा, मला पुन्हा नाही बसायचं. मला येत नाही म्हणून नाही. मला ते नकोय." वडील काही बोलले नाहीत. उठून गॅलरीत गेले. आईने मात्र डोळे पुसत विचारलं, मग काय हवंय? तिला शेतीचं शिकायचं होतं. लातूरला परभणीच्या कृषी विद्यापीठाचं कॉलेज आहे, त्याची सगळी माहिती तिने काढून ठेवली होती. कधीपासून ठेवली होती, कुणी विचारलंच नव्हतं.

वडील आत आले तेव्हा त्यांनी पुन्हा प्रार्थना केली. या वेळी त्यांनी काहीच मागितलं नाही. मुलीचं नाव घेतलं आणि बराच वेळ थांबले. माझ्या मते त्या घराला मिळालेलं मार्गदर्शन ते होतं.

बापाच्या नाहीतर नवऱ्याच्या प्रार्थनेने मुलीचा किंवा बायकोचा निर्णय होत नाही, हे आपल्या मराठी ख्रिस्ती माणसांना तर पूर्वीपासून कळायला हवं. रेव्हरंड टिळकांना १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका परक्या गृहस्थाने नवा करार दिला. बाप्तिस्मा झाला १८९५ मध्ये. मधली दोन वर्षं वाचनात, झगड्यात, प्रार्थनेत गेली. एका रात्रीत काही झालं नाही. आणि पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यामागोमाग गेल्या नाहीत. वियोगाचे दिवस नातेवाइकांकडे काढले, पुन्हा संसाराला आल्या तरी आपलं सोवळं पाळत राहिल्या, आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःला पटल्यावर. लक्ष्मीबाईंनी लिहिलेलं 'स्मृतिचित्रे' आमच्या घरांमध्ये भेट म्हणून देतात. ते पुस्तक मुलींच्या बापांनी वाचावं, असं मला नेहमी वाटतं.

आता अवघड भागाकडे येते. प्रार्थना नीट झाली, सगळे बोलले, विचार करून निर्णय घेतला आणि तरी वाईट झालं, तर?

२०१६ च्या उन्हाळ्यात लातूरचं पाणी संपलं. मांजरा धरण कोरडं पडलं, पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागली, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, १० वाघिणी, ५ लाख लिटर. त्या वर्षी पुष्कळ घरांनी शहर सोडायचं की नाही यावर प्रार्थना ठेवल्या. एका घराने थोडं रान विकून पुण्याला जायचं ठरवलं. घाई केली नाही. कितीतरी संध्याकाळी बसलो, धाकट्या मुलापासून म्हाताऱ्या आईपर्यंत सगळे बोलले. गेले, जम बसला. २०२० च्या टाळेबंदीत त्यांचं काम गेलं, भाडं थकलं, ते परत आले. रान गेलेलं होतं. त्या बाईने मला विचारलं, "सिस्टर, आपल्याला देवाचं ऐकूच आलं नव्हतं का?"

मी तिला पौलाची गोष्ट सांगितली. त्रोवसात रात्री त्याला दृष्टान्त झाला: मासेदोनियाचा एक माणूस मदतीला या म्हणून विनवतो आहे. पौल आणि सोबत्यांनी त्याचा अर्थ लावला, ठरवलं आणि निघाले. आणि तिकडे फिलिप्पै शहरात काय झालं? फटके बसले, तुरुंगात पाय खोड्यात अडकवले गेले. मार्ग चुकला होता असं कुणी म्हणत नाही. आणि खुद्द प्रभू येशूने बारा जण निवडण्याआधी सबंध रात्र डोंगरावर प्रार्थनेत घालवली, त्या बारांत यहूदा इस्कर्योतही होता. निर्णय बरा की वाईट हे त्याच्या फळावरूनच ठरवायचं असेल तर त्या रात्रीच्या प्रार्थनेलाही आपण नावं ठेवू. तिचं तेवढ्याने समाधान झालं असं मी म्हणणार नाही. पण त्या घरात एकानेही दुसऱ्याला "तुझ्यामुळे गेलो" असं म्हटलेलं मी ऐकलं नाही. सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, म्हणून सगळ्यांनी मिळून सोसलं.

हे मी तिला सांगितलं, त्यानंतर वर्षभरात मला स्वतःला ते लागू पडलं. २०२१ च्या करोनाच्या लाटेत माझे यजमान आजारी पडले. त्यांना हैदराबादला हलवावं की लातूरलाच ठेवावं, हे ठरवायचं होतं. ऑक्सिजन खाली येत होता. ॲम्ब्युलन्समधला पाच-सहा तासांचा प्रवास सोसेल याची कुणी खात्री देईना. संध्याकाळी मी रुग्णालयाच्या आवारात गाड्यांच्या रांगेत उभी राहून प्रार्थना केली. एकटी होते. काही ऐकू आलं नाही, कसली शांती वाटली नाही. मुलाशी फोनवर बोलले, डॉक्टरांना पुन्हा विचारलं, यजमानांनी काचेपलीकडून हात हलवून "इथेच" अशी खूण केली. मी थांबायचं ठरवलं. ते गेले. हलवलं असतं तर काय झालं असतं, हे मला या जन्मी कळणार नाही, आणि देवाने मला तसं सांगितलं होतं असं म्हणून मी त्याच्या मागे लपत नाही. निर्णय माझा होता. पण मी तो घेतला तेव्हा देव तिथे होता, यावर माझा विश्वास आहे. त्या आवारात मी खोटं काही बोलले नाही, त्याच्यापाशीही नाही आणि स्वतःपाशीही नाही.

अजून घरं बोलावतात. गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत, तरी जाते. हल्ली मी एक अट घालते: ज्याविषयी निर्णय आहे तो कागद समोर ठेवायचा. सातबारा असो, प्रवेशाचं पत्र असो, डॉक्टरांचा रिपोर्ट असो की बँकेची नोटीस. राजांच्या दुसऱ्या पुस्तकात हिज्कीया राजाला अश्शूरच्या सन्हेरीबाकडून धमकीचं पत्र आलं. त्याने ते वाचलं, मग मंदिरात जाऊन परमेश्वरापुढे पसरून ठेवलं. आधी वाचलं, हे मी मुद्दाम दाखवते. कितीतरी घरांत कागद कुणी वाचलेलाच नसतो. इंग्रजीत असतो, किंवा मोठ्या भावाच्या कपाटात असतो, किंवा सुनेला दाखवायचा नसतो. तो मधे ठेवून मोठ्याने वाचला की अर्धी भांडणं तिथेच उघडी पडतात.

मंडळीतल्या तरुण पाळकांना आणि माझ्यासारख्या प्रार्थना चालवणाऱ्या बायकांना माझी विनंती आहे. कुणी निर्णयासाठी बोलावलं तर जा, वेळ द्या, दुसऱ्या दिवशीही जा. गीत म्हणा, वचन वाचा, त्यांच्यासाठी रडायचं तर रडा. पण तिथून निघताना त्या घराचा निर्णय तुमच्या तोंडून आलेला नसावा. आणि रुग्ण दवाखान्यात असेल, डॉक्टर "आत्ताच" म्हणत असतील, तर प्रार्थना दोन मिनिटांची करा आणि सही होऊ द्या.